लाइन आली, पण प्रिंटर 'ऑफलाइन'च? आधी त्याचा पत्ता बघा

नागपुरात मे महिन्यात घरोघरी कूलर आणि एसी एकदम सुरू असतात, लाइन जाते-येते आणि तिच्यासोबत राउटरही बंद-चालू होत राहतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मानेवाड्याच्या घरी मुलीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म छापायचा होता. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद आणि शाई भरलेली, आणि कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन'. मी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. त्यात दीड तास गेला आणि फॉर्म शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून आणावा लागला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता तेवढा बदलला होता. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी पत्ता तपासा, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीपुरता. लाइन जाऊन आली की कधी कधी हे वाटप नव्याने होतं. काल १९२.१६८.१.४ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.७ वर असतो आणि कॉम्प्युटर मात्र कालच्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो.

सुरुवात साधी. प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करा. अर्ध्या मिनिटाने आधी राउटर सुरू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मगच प्रिंटर. कॉम्प्युटरवर प्रिंटच्या रांगेत अडकलेली कामं रद्द करा आणि तिथे 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर टिक असेल तर काढा.

तरीही जमलं नाही तर प्रिंटरकडूनच त्याची माहिती छापून घ्या. स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत हा पर्याय सापडतो. स्क्रीन नसलेल्या मॉडेलवर कोणतं बटण दाबायचं ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. छापलेल्या पानावर दोनच गोष्टी बघा: वायफायचं नाव आणि आयपी पत्ता. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर किंवा पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर प्रिंटरला वायफाय नव्याने जोडा. घरातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना दिसतच नाही. जागाही बघा. राउटर आणि प्रिंटरच्या मधोमध पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर असेल तर सिग्नल चांगलाच अडतो. प्रिंटर तिथून हलवून बघा.

पत्ता नीट असेल तर कॉम्प्युटरचा बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि इंग्रजी अक्षरांत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करून एंटर दाबा. तिथे कॉम्प्युटरचा आयपी पत्ता दिसेल. आपल्याकडच्या दुमजली घरांत गोष्ट बहुतेक इथेच अडते. खाली फायबरवाल्याने बसवलेला राउटर असतो आणि वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा विकत आणून त्याला जोडतो. दुसऱ्याने आपलं वेगळंच नेटवर्क उभं केलं, की खालचा प्रिंटर १९२.१६८.१ च्या घरात आणि वरचा लॅपटॉप १९२.१६८.० च्या. दोघांच्या पत्त्यांतले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग जुळत नसतील तर दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर घ्या. कायमचा उपाय म्हणजे वरचा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकणे, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढे नेतो. गेस्ट वायफायवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, असाल तर तिथून बाहेर पडा. त्यावरून घरातली बाकी यंत्रं सहसा दिसत नाहीत. मिहानमधल्या ऑफिसचा लॅपटॉप घरी वापरत असाल, तर छापण्यापुरतं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय) बंद करता येतं का ते बघा.

आता त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत 'पिंग' (ping) लिहा, एक जागा सोडा आणि प्रिंटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. चार ओळींत 'रिप्लाय' आलं आणि ते प्रिंटरच्याच पत्त्यावरून आलं, तर वाट मोकळी आहे, चूक कॉम्प्युटरमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', तिथे आपला प्रिंटर, मग 'प्रिंटर प्रॉपर्टीज' आणि त्यातलं 'पोर्ट्स' उघडा. टिक असलेल्या ओळीत जुना पत्ता दिसला तर 'अ‍ॅड पोर्ट' दाबा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि पानावरचा नवा पत्ता भरा. अ‍ॅप्लाय करून चाचणीचं एक पान काढा. आमचं पान पहिल्याच फटक्यात आलं.

हे काम दर वेळी करावं लागू नये म्हणून पत्ता राखून ठेवा. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. ते पान ब्राउझरमध्ये उघडा, 'डीएचसीपी' (राउटरची पत्ते वाटायची सोय) याखाली 'रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रिंटरचा मॅक पत्ता व आयपी पत्ता तिथे नोंदवा. मॅक पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक, तो त्याच छापलेल्या पानावर मिळेल. नंतर राउटर मुद्दाम एकदा बंद करून सुरू करा आणि नेटवर्कचं पान पुन्हा छापा. पत्ता तोच आला पाहिजे.