रोपांचे नको, राखणीचे पैसे मागा

आमच्या खाडीकाठच्या बचतगटाचे कागद मी लिहिते. कांदळवनासाठी (खारफुटीसाठी) सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायचा, निधी हवा असेल तर आधी कंपनी बघून घ्या. आदल्या वर्षी नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिला खर्चावेच लागतात.

गटाच्या नावावर पैसे येत नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेली संस्था लागते. आम्ही तालुक्यातली एक पुढे केली. गावात काम कोण करणार, हे मात्र करारात लिहून घ्या. तोंडी भरवसा नको.

जागेचा सातबारा बघा, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा. परवानगीशिवाय चिखलात काठीसुद्धा रोवू नका.

आता मागायचं काय? आमच्याकडे एका कंपनीची माणसं टोप्या घालून आली आणि एका सकाळी रोपं लावून गेली. कुठे, तर ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात त्या मोकळ्या चिखलात! दोन उधाणांत निम्मी गेली. उरलेली उपटून बघितली तर मुळाला काळी पिशवी तशीच.

तिवर, चिपी ही खारफुटीची झाडं आपापलं बी टाकतात, कांदळाची शेंग चिखलात उभी रुजते. नडतं ते पाणी. बांध घालून, भराव टाकून भरतीचं पाणी अडवलं की झाड वाळतं. म्हणून अर्जात आधी बुजलेले चर मोकळे करण्याची मजुरी लिहा, मग राखणदाराचा पगार, बारा महिन्यांचा, तीन वर्षं. होडीचं डिझेल विसरू नका, आम्ही विसरलो होतो. रोपं शेवटी, आणि जिथे पूर्वी झाडं होती तिथेच.

मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपत आलं की कंपनीचा ‘पटकन काहीतरी लावा’ असा फोन येतो. घाबरू नका. अनेक वर्षांचा प्रकल्प म्हणून मंजूर असेल तर उरलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येते. हे सांगितल्यावर कंपनीचे साहेब म्हणाले, “ठीक आहे, पण फोटो तरी द्या.” दिले. चराचे.