फिलमाँटला जायचंय? मग आजचं वय विसरा

अमेरिकेत मुलं स्काउटिंगमध्ये असलेल्या मराठी घरांत फिलमाँटचं, स्काउटांच्या उन्हाळी डोंगर-ट्रेकच्या तळाचं, नाव एव्हाना पोचलेलं असतंच. न्यू मेक्सिकोत सिमारॉन गावाजवळची ही जमीन वेट फिलिप्स या तेल उद्योजकाने 1938 आणि 1941 मध्ये स्काउटांना देऊन टाकली. आज तो पसारा सुमारे 1,40,000 एकरांचा आहे. तिथल्या डोंगरांचं वर्णन ट्रूपमधली (आपल्या भागातल्या स्काउट गटातली) मोठी मुलं माझ्यापेक्षा चांगलं करतील. मी सांगणार आहे ते ट्रेकला जागा कशी मिळवायची त्याचं, कारण ती हातची गेल्याचं दुःख आमच्या घराने भोगलंय.

पहिली गोष्ट, जागा मुलाला मिळत नाही, क्रूला, म्हणजे एकत्र ट्रेकला जाणाऱ्या तुकडीला मिळते. जागांच्या लॉटरीत अर्ज करतं ते ट्रूप किंवा त्या भागातल्या ट्रूपांचं कौन्सिल. आणि ही लॉटरी ट्रेकच्या साधारण दीड वर्ष आधी असते. सगळा घोटाळा इथेच होतो.

नियम असा आहे: वय 14 पूर्ण हवं, किंवा 13 पूर्ण आणि आठवी झालेली हवी. पण कधी? ट्रेकला जाईल तेव्हा! अर्ज भरताना नव्हे. समजा तुमची मुलगी आज सातवीत आहे, बारा वर्षांची. ट्रूपमध्ये नोव्हेंबरमध्ये विचारलं, कोण कोण येणार? तुम्ही तिच्याकडे बघता, एवढीशी पोर, स्वतःची वेणी घालताना अजून कुरकुरते, आणि म्हणता, लहान आहे हो, मोठी झाली की बघू. पण तो ट्रेक येत्या उन्हाळ्यातला नाहीच, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला आहे. तोवर तिची आठवी संपलेली असेल, तेरा पूर्ण असतील. म्हणजे ती बसते, आणि तिचं नाव आजच द्यायला हवं. कागद घ्या, ट्रेकचा महिना लिहा, त्याखाली मुलाचं त्या महिन्यातलं वय आणि इयत्ता लिहा. आत्ता, हे वाचता वाचता लिहा.

आमच्या मुलाच्या वेळी ट्रूपमधले एक जुनेजाणते लीडर म्हणाले, ‘तो अजून लहान आहे, पुढच्या खेपेला.’ एवढ्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आम्ही मान डोलावली. आमच्या मुलाहून काही महिन्यांनी लहान असलेला मुलगा त्या क्रूमधून जाऊन आला. पुढच्या खेपेला ट्रूपचा नंबरच लागला नाही. मुलगा काही बोलला नाही, पण ट्रूपच्या मीटिंगला जायची त्याची टाळाटाळ महिनोन्‌महिने चालली होती. आजही ते आठवलं की माझ्या पोटात कालवतं. म्हणून माझं ठाम मत आहे, वयाने मोठ्या लीडरांचा आदर करावा, पण माहिती मागच्याच उन्हाळ्यात जाऊन आलेल्या सोळा वर्षांच्या पोरांकडून घ्यावी. त्यांना नियम ताजे ठाऊक असतात, आणि ती तुमच्या मुलाला ‘लहान’ म्हणून बाजूला बसवत नाहीत.

तरी नंबर लागला नाही म्हणजे सगळं संपलं असं मुळीच नाही. क्रू सात ते बारा जणांचा असतो, आणि दीड वर्षात कुटुंबं गळतात. कुणाचं फुटबॉल, कुणाची नोकरी गेलेली, कुणी दुसऱ्या राज्यात गेलेलं. भरलेली अनामत परत मिळत नसल्याने ती जागा भरायची घाई असते ती त्या क्रूलाच. कौन्सिलच्या तुकडीची चौकशी करा, शेजारच्या ट्रूपला सरळ ईमेल टाका, महिन्यातून एकदा आठवण करा. लाजू नका. आमचा मुलगा अखेर असाच दुसऱ्या ट्रूपच्या क्रूमधून गेला, आणि त्या मुलांनी त्याला दोन सराव-हाइकांत आपलासा केला. पंधरा वर्षांपुढच्या मुलांना फिलमाँटच्याच रायाडोसारख्या ट्रेक कार्यक्रमांत एकट्याने नाव देता येतं, पण तो ट्रेक खडतर आहे, हौस म्हणून पाठवू नका.

आई-बाबांपैकी कुणाला सोबत जायचं असेल तर मोठ्यांच्या जागा मोजक्याच असतात. वाइल्डरनेस फर्स्ट एडचा (रानावनातल्या प्रथमोपचाराचा) सोळा तासांचा कोर्स करून ठेवा. क्रूमध्ये तो झालेलं माणूस लागतंच, आणि सहसा कुणी आधीपासून केलेला नसतो. इथेही तारीख तीच: प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, ते ट्रेकच्या दिवशी जिवंत हवं. हौसेने लॉटरीच्याच महिन्यात कोर्स उरकलात तर तारीख ताडून बघा. डॉक्टरी तपासणीचा फॉर्मही बारा महिन्यांच्या आतला लागतो. तो आपल्या घरातल्या डॉक्टर काकांकडून भरून घेऊ नका, आणि भारतात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांची सही आणायच्या फंदात तर अजिबात पडू नका. उंचीनुसार वजनाचा तक्ता काटेकोर पाळतात, 295 पौंडांपुढे कुणालाही ट्रेकवर सोडत नाहीत.

भारतवारीचं बघा. मोसम जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमका आपण तिकिटं काढतो तो काळ. आजी-आजोबांना वर्षभर आधी सांगून ठेवा. आणि अर्जात एकाच आठवड्याचा हट्ट धरू नका, सात किंवा नऊ दिवसांचा ट्रेक मिळाला तरी आनंदाने घ्या. बारा दिवसांचाच खरा, बाकीचे लुटुपुटुचे, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

जागा मिळाली की सराव. आपलं कळसूबाई सुमारे 5,400 फूट. फिलमाँटचा बेस कॅम्पच त्याहून उंच आहे आणि बाल्डी शिखर 12,441 फुटांवर. दुपारी विजांचा पाऊस येतो, म्हणून भल्या पहाटे निघावं लागतं. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या पावपटीच्या आसपास ठेवायचं. पोचल्यावर रेंजर, म्हणजे तिथला मार्गदर्शक, अख्खी सॅक जमिनीवर रिकामी करायला लावतो आणि एकेक वस्तू उचलून विचारतो, हे कशाला? मुलाच्या सॅकच्या कोपऱ्यात मी खुपसलेली बेसनाच्या लाडवांची पुडी तिथेच बाहेर आली. अस्वलांमुळे वास येणारं काहीही, टूथपेस्टपासून लिप बामपर्यंत, रात्री अस्वलाच्या हाती लागणार नाही असं वेगळं ठेवायचं असतं. खाणं तिथेच मिळतं. शाकाहारी असाल तर क्रूच्या प्रमुखाला आधीच सांगा, आयत्या वेळी नको.