स्टेडीकॅम: आधी स्टँडवर, मग अंगावर

स्टेडीकॅम म्हणजे चालतानाही फ्रेम स्थिर राहावी म्हणून कॅमेरा अंगावर पेलायचं यंत्र. पहिल्यांदा तो अंगावर चढवला तेव्हा दहा पावलं चाललो आणि स्वतःवर जाम खूश झालो. मग प्लेबॅक पाहिला. फ्रेम डावीकडे कललेली, आणि पावलागणिक होडीसारखी डुलतेय. ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते दादा म्हणाले, "चालायला तुला आईनं शिकवलंय, ते मी शिकवणार नाही. उतरव आणि स्टँडवर लाव." पुढचे तीन आठवडे मला व्हेस्ट, म्हणजे यंत्र पेलायचं जॅकेट, मिळालाच नाही. रोज बॅलन्स करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. तेव्हा मनातून चिडलो होतो. आता नवीन पोरं येतात तेव्हा मीही त्यांना हेच करायला लावतो.

फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी 1970 च्या दशकात हे यंत्र घडवलं. 1976 सालच्या 'बाउंड फॉर ग्लोरी' या चित्रपटात ते पहिल्यांदा वापरलं गेलं. त्यानंतर मॉनिटर पातळ झाले, बॅटऱ्या बदलल्या, पण मूळ युक्ती तीच आहे. अंगात व्हेस्ट, व्हेस्टला स्प्रिंगचा आर्म, आर्मच्या टोकाला गिंबल (सगळीकडे मोकळा फिरणारा सांधा) आणि गिंबलमध्ये लटकलेला स्लेड. स्लेड म्हणजे एक उभा पोस्ट, ज्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा आणि खाली मॉनिटर व बॅटरी. वजनं अशी लांब लांब पसरली की सगळं धूड वळायला आळशी होतं. हा आळसच आपल्या कामाचा. तुमची पावलं आर्म झेलतो, आणि उरलेल्या बारीक हिसक्यांना स्लेड दाद देत नाही.

मोटरवाल्या गिंबलवरून, म्हणजे मोटरींनी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रावरून, येणाऱ्यांची इथेच फसगत होते. तिथे बॅलन्स थोडा चुकला तरी मोटरी रेटून नेतात, फार तर गरम होतात, गुरगुरतात. स्टेडीकॅममध्ये चूक झाकायला कुणी नाही. ती सरळ क्षितिजावर दिसते.

बॅलन्सला हात घालण्याआधी कॅमेरा शॉटला असेल तसा पूर्ण तयार हवा. लेन्स, मॅट बॉक्स (लेन्सपुढची फिल्टर धरणारी चौकट), फिल्टर, फोकसची मोटर, वायरलेस व्हिडिओचा ट्रान्समीटर, कार्ड, सगळं. केबल टेपनं किंवा वेल्क्रोनं घट्ट बांधलेल्या. लोंबणारी एक केबलसुद्धा बॅलन्स खाते. झूम लेन्स असेल तर शॉटमध्ये ज्या फोकल लेंग्थवर राहणार तिथेच ठेवा, कारण काही झूम पुढे सरकतात आणि वजन सोबत नेतात. माझ्या पहिल्या मालिकेच्या कामात, गोरेगावला, बॅलन्स झाल्यावर कुणीतरी घाईघाईत मॅट बॉक्समध्ये प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर सरकवला. काचेचा एक तुकडा, तेवढाच! मी पाहिलं होतं, तरी बोललो नाही. नवीन होतो, वेळ कमी होता. संपूर्ण शॉटभर कॅमेरा नाक खाली घालत होता आणि मी पोस्ट मुठीत धरून तो वर ओढत होतो. तीन टेक वाया गेले. तेव्हापासून फोकस पुलरला (शॉटमध्ये फोकस सांभाळणाऱ्याला) आणि अटेंडंटला सकाळीच हात जोडून सांगून ठेवतो: काही लावलं किंवा काढलं तर मला हाक मारा.

आता प्रत्यक्ष काम. सी-स्टँडवर (तीन पायांच्या लोखंडी स्टँडवर) डॉकिंग ब्रॅकेट, म्हणजे स्लेड अडकवायचा कंस, लावा, पायांवर वाळूच्या पिशव्या टाका. कॅमेरा प्लेटवर चढवण्याआधी तो एका गोल दांड्यावर आडवा तोलून बघा, गुरुत्वमध्य कुठे येतो ते कळतं. तिथे टेपची पट्टी चिकटवा. ही खूण पोस्टच्या मध्यापासून साधारण दोन सेंटिमीटर मागे येईल असा कॅमेरा बसवा. मागे का, ते पुढे सांगतो. मग गिंबल ब्रॅकेटच्या बॅलन्सिंग पिनवर अडकवा आणि स्लेड मोकळा सोडा.

आधी खालची बाजू स्पष्ट जड ठेवा, नाहीतर स्लेड उलटा होऊन लेन्सच स्टँडवर आपटेल. मग डावं-उजवं वरच्या स्टेजच्या, म्हणजे कॅमेऱ्याखालच्या सरकत्या बैठकीच्या, नॉबनं आणा. पुढचं-मागचं सुरुवातीला बॅटरी सरकवून आणा, म्हणजे कॅमेऱ्याची खूण हलत नाही. त्यानंतर ड्रॉप टाइम. स्लेड आडवा धरायचा, सोडायचा आणि पोस्ट उभा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नवख्यानं दोन ते तीन सेकंद धरावेत. धाडकन खाली येत असेल तर गिंबल पोस्टवर किंचित खाली सरकवा, फारच रेंगाळत असेल तर वर. खालची बाजू जास्त जड असेल तर सुरू होताना आणि थांबताना स्लेड घंटेच्या लोलकासारखा झुलतो. उगाच हलका ठेवला तर फुंकरीनंही कलतो. गिंबल हलवला की डावं-उजवं पुन्हा तपासायचं.

इथवर सगळे येतात. पुढचा डायनॅमिक, म्हणजे फिरतानाचा, बॅलन्स बरेच जण सोडून देतात आणि मग पॅन करताना क्षितिज का सुटतं म्हणून डोकं खाजवत बसतात. स्थिर उभा असताना सरळ दिसणारा पोस्ट फिरवल्यावर डोकं घुमवू शकतो. साधारणपणे मॉनिटर बॅटरीपेक्षा वर असतो. पुढचं वजन वर आणि मागचं खाली, त्यामुळे फिरताना दोघं मिळून पोस्टला तिरकं ओढतात. ती ओढ मारायला कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य जरा मागे लागतो. म्हणून ते दोन सेंटिमीटर. आता पोस्ट दोन बोटांनी हळूच फिरवा, कुंभाराचं चाक फिरतं तसा. वरचं टोक जागेवर राहिलं तर झालं. घुमलं तर कॅमेरा मिलिमीटरभर मागे किंवा पुढे घ्या, बॅटरीनं स्थिर बॅलन्स परत आणा, पुन्हा फिरवा. कुठल्या बाजूला सरकवायचं हे सुरुवातीला कळत नाही. एका बाजूला करून बघायचं, वाढलं तर उलटं. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता. जोरात मात्र फिरवू नका, केबल तुटते आणि भाडंही अंगावर येतं.

व्हेस्टबद्दल थोडं. वजन कमरेच्या हाडांवर बसायला हवं. खांदे दुखायला लागले तर कमरेचा पट्टा सैल आहे असं समजा. आर्मची स्प्रिंग अशी ताणा की हात सोडल्यावर आर्म आडवाच तरंगत राहील. मग सॉकेट ब्लॉकचे, म्हणजे आर्म व्हेस्टला जिथे जोडतो त्या ठोकळ्याचे, स्क्रू. ताठ उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. स्लेड पुढे पळत असेल तर ब्लॉकचं वरचं टोक शरीराकडे घ्या, अंगावर येत असेल तर उलट. प्रत्येकाची उभं राहायची ढब वेगळी, त्यामुळे दुसऱ्यानं लावून ठेवलेले स्क्रू तुम्हाला चालणार नाहीत. हे न केल्यामुळे किती जणांनी पाठी मोडून घेतल्यात!

नेहमीच्या पद्धतीत आर्म उजवीकडून येतो आणि स्लेड डाव्या बाजूला राहतो. उजव्या हातात गिंबलची मूठ, आणि डाव्या हाताचा अंगठा व दोन बोटं गिंबलच्या लगेच खाली पोस्टवर. बोटं इतकी हलकी की कुणी कागद सरकवला तर निघून यावा. पोस्ट मुठीत धरायची इच्छा झाली की बॅलन्स चुकलाय, डॉक करा, म्हणजे परत स्टँडवर लावा, आणि तपासा.

सरावाला स्टुडिओ लागत नाही. मी चाळीच्या गॅलरीत केला, कॅमेऱ्याऐवजी लोखंडी पट्ट्या आणि एक छोटा कॅमेरा लावून. भिंतीवर टेपची फुली मारायची, ती फ्रेमच्या बरोब्बर मध्यात ठेवून पुढे जायचं, मागे यायचं, आणि थांबल्यावर फुली हलता कामा नये. सगळ्यात कठीण ते थांबणंच. शेजारच्या काकू दळण घेऊन मधूनच जायच्या, तोही सरावच.

उघड्यावर, विशेषतः कोकणात किनाऱ्यावर, वारा आला की मॅट बॉक्सचं शीड होतं. तेव्हा एका माणसाला मोठा कटर (चौकटीवर ताणलेलं काळं कापड) घेऊन वाऱ्याच्या बाजूनं सोबत चालायला लावा, आणि मॅट बॉक्स काढता येत असेल तर काढूनच टाका. काढलात, तर परत स्टँडवर.