‘इनडेफिनिटली’ म्हणजे कायमचं नव्हे

मराठवाड्यातल्या बातम्या किंवा परिपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम नव्याने घेणारे हमखास अडखळतात ते ‘इनडेफिनिटली’वर. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालांचा संप झाला, इंग्रजीत आलं ‘मोंढा क्लोज्ड इनडेफिनिटली’, आणि मराठीत उतरलं ‘मोंढा कायमचा बंद’. सोयाबीनची पोती भरून बसलेल्या शेतकऱ्याच्या पोटात ही ओळ वाचून गोळा येईल. मूळ शब्द सांगतो इतकंच, की शेवटची तारीख ठरलेली नाही. मोंढा परवा सकाळीही उघडू शकतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: बेमुदत.

उपोषणाच्या बातमीत तर फारच जपावं. ‘इनडेफिनिट हंगर स्ट्राइक’ म्हणजे बेमुदत उपोषण. ‘फास्ट अनटू डेथ’ म्हणजे आमरण. मुळात जे असेल तेच लिहा, बातमी जोरदार व्हावी म्हणून एकाचं दुसरं करू नका.

खरोखर कायमचं असेल तिथे ‘परमनंटली’ किंवा ‘फॉर गुड’ येतं. ‘ही लेफ्ट द व्हिलेज फॉर गुड’ म्हणजे त्याने गाव कायमचं सोडलं. चांगल्यासाठी सोडलं असं नव्हे. ‘फॉरएव्हर’चा अर्थ सहसा कायमचा, सदैव, पण ‘ही इज फॉरएव्हर कंप्लेनिंग’ म्हटलं की तो सारखा कुरकुरतो, आणि बोलणारा त्याला वैतागलाय. ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे तूर्त. ‘अनटिल फर्दर नोटीस’ला पुढील सूचना येईपर्यंत.

विधिमंडळाच्या बातमीतलं ‘सायनी डाय’ लॅटिन आहे. त्याचा मरणाशी काही संबंध नाही. पुढच्या बैठकीचा दिवस न ठरवता सभागृह तहकूब झालं, एवढाच अर्थ.

इंग्रजीत स्वतः लिहिताना तीन चुका वारंवार दिसतात. एक, ‘फॉर इनडेफिनिटली’. ‘फॉर’ हवाच असेल तर ‘फॉर अॅन इनडेफिनिट पीरियड’ लिहा. दुसरी, ‘इनडेफिनिटली टिल मंडे’: सोमवार ठरला, मग मुदत आलीच की! तिसरी स्पेलिंगची. ‘फायनाइट’ (finite) हा शब्द आत जसाच्या तसा आहे, म्हणून त्यातल्या ‘एन’नंतर ‘आय’ येतो, ‘ए’ नाही.

‘इनफिनिटली’ मात्र वेगळा. ‘इनफिनिटली बेटर’ म्हणजे कितीतरी पटींनी चांगलं; तिथे काळाचा प्रश्नच नसतो.

वाक्य अडलं तर दोन गोष्टी तपासा: शेवटची तारीख दिली आहे का, आणि पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी आहे का? तारीख नाही पण वाट मोकळी, तर बेमुदत. वाटच बंद असेल, तर कायमचं.