जुना एक्सपी संगणक व्हर्च्युअल मशीनमध्ये नेताना या चुका टाळा

कितीतरी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा जुना सीपीयू अजून जपून ठेवलेला असतो. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका त्याच्यावरच नीट उघडतात. मदरबोर्ड गेला की फायली शाबूत असूनही हाती काही लागत नाही. म्हणून तो संगणक चालू आहे तोवरच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकात, उचलून घ्यावा. त्यासाठी इथे व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम धरला आहे. बंद पडल्यावर हेच काम दुप्पट अवघड होतं.

डिस्कची नक्कल काढणं हा यातला सोपा भाग. ती बहुतेक वेळा नीट निघते, पण विंडोज उठत नाही. बसवताना ज्या मदरबोर्डवर एक्सपी बसली, त्याच्याच डिस्क कंट्रोलरचे (डिस्क हाताळणाऱ्या चिपचे) ड्रायव्हर ती सुरुवातीला चढवते. नव्या जागी कंट्रोलर वेगळा निघाला की तिला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. तेव्हा निम्मं काम जुन्या संगणकावर, डिस्क काढण्याआधीच व्हायला हवं.

तयारी न करता डिस्क काढणं

जुन्या संगणकावर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'कॉम्प्युटर'खाली काय लिहिलंय ते टिपून ठेवा. 'एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी' किंवा 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी' असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये 'आयओ एपिक' हा पर्याय चालू ठेवावाच लागतो. तो बंद राहिला तर विंडोज सुरू होतानाच अडकते. नुसतं 'स्टँडर्ड पीसी' असेल तर त्याच सेटिंगमधला 'एसीपीआय' हा पर्याय बंद ठेवून पाहा.

मग 'आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स' बघा. तिथे विया, एसआयएस किंवा एनव्हिडियाचं नाव असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून यादी मागवून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडा. विंडोज रीस्टार्ट विचारेल, तिथे 'नो' म्हणा आणि संगणक सरळ बंद करा. पुन्हा चालू केला तर ती जुना ड्रायव्हर परत लावण्याची शक्यता असते. त्यामुळे ही पायरी अगदी शेवटी घ्या. चेकडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवणं आणि कॅबिनेटवरच्या प्रॉडक्ट की स्टिकरचा फोटो काढणं ही कामं तिच्या आधी उरका.

नक्कल काढताना

जुन्या संगणकाच्या यूएसबीवरूनच नक्कल घ्यायला जाऊ नका. ती यूएसबी १.१ असेल तर कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे ८० जीबीच्या डिस्कला जवळजवळ अख्खा दिवस. डिस्क बाहेर काढा, तिच्या मागची छोटी जंपर टोपी 'मास्टर'वर ठेवा आणि आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडा. अडॅप्टरसोबतचा पॉवर सप्लायही लावा. साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही.

नवा संगणक शक्यतो लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजला जोडलीच तर 'फॉरमॅट' किंवा 'स्कॅन अँड फिक्स' विचारणाऱ्या खिडकीला होकार देऊ नका. डिस्क जुनी आहे, तेव्हा नक्कल काढणाऱ्या साध्या डीडी कमांडऐवजी डीडीरेस्क्यू वापरा आणि त्याला मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) द्या. खराब सेक्टर लागला तरी ते पुढे सरकतं, आणि मध्येच वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं.

नक्कल पूर्ण डिस्कची घ्या. नुसत्या सी ड्राइव्हची घेतली तर डिस्कच्या सुरुवातीचा बूट रेकॉर्ड मागे राहतो आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज सुरूच होत नाही. नक्कल ज्या बाह्य डिस्कवर जाणार ती फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या पुढे फाइल वाढणार नाही. आधी ती एनटीएफएस करा. मिळालेली कच्ची इमेज (नक्कल केलेली फाइल) व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजच्या 'कन्व्हर्टफ्रॉमरॉ' कमांडने व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाइल, करून घ्या. कच्ची इमेज मात्र तशीच बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग व्हीडीआयवरच करा.

निळा पडदा, शेवटी ७बी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. कोड ७बी म्हणजे विंडोजला बूट डिस्क सापडली नाही. पहिली तपासणी एका मिनिटाची आहे: व्हर्च्युअल मशीनच्या 'स्टोरेज'मध्ये डिस्क साटा कंट्रोलरखाली लागलेली नाही ना? एक्सपीकडे साटाच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर मुळातच नसतो. डिस्क तिथून काढा आणि आयडीई कंट्रोलरखाली, प्रकार पीआयआयएक्स४ ठेवून, प्रायमरी मास्टर म्हणून लावा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर ती डिस्क दुसऱ्या एखाद्या विंडोज व्हर्च्युअल मशीनला दुय्यम डिस्क म्हणून जोडा. तिच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२\ड्रायव्हर्समध्ये ॲटापी, इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई आणि पीसीआयआयडीईएक्स या चार डॉट एसवायएस फायली आहेत का बघा. नसतील तर 'ड्रायव्हर कॅश' फोल्डरमधल्या आय३८६ मध्ये ड्रायव्हर डॉट कॅब ही फाइल असते. त्यातून त्या काढून इथे टाका. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये 'लोड हाइव्ह'ने जुन्या डिस्कवरच्या सिस्टम३२\कॉन्फिगमधली 'सिस्टम' ही फाइल चढवा. 'सिलेक्ट' या कीखालचं 'करंट' १ असेल तर कंट्रोलसेट००१ मध्ये काम करायचं. तिथे सर्व्हिसेसखाली ॲटापी, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीई यांचं 'स्टार्ट' मूल्य ० करा. ही चढवलेली फाइल (हाइव्ह) अनलोड केल्याशिवाय डिस्क सोडवू नका.

एक्सपीत एवढंही पुरेलच असं नाही. त्याच कंट्रोलसेटमध्ये 'कंट्रोल'खालच्या 'क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस'मध्ये नव्या कंट्रोलरची नोंद लागते. मर्जआयडीई नावाची तयार रजिस्ट्री फाइल हीच नोंद घालते, पण ती चालू विंडोजवर चालवायची असते. जुना संगणक अजून उठत असेल तर डिस्क परत तिथे लावून ती चालवा आणि नव्याने नक्कल घ्या. वेळ जातो, पण हीच वाट सगळ्यात भरवशाची.

पडद्यावर ७ई आणि इंटेलपीपीएम (इंटेल प्रोसेसरचा ड्रायव्हर) दिसलं तर दुखणं वेगळं आहे. जुना प्रोसेसर इंटेलचा आणि नवा एएमडीचा असेल तेव्हा हे विशेष घडतं. वरच्याच पद्धतीने इंटेलपीपीएमचं 'स्टार्ट' ४ करा.

उठल्यावर

आधी सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर काढा, मगच गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठी व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) बसवा. मेमरी १ जीबी आणि प्रोसेसर एक, यात पेजमेकर मजेत चालतो. नेटवर्क कार्ड पीसीनेट फास्ट ३ निवडा, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत असतो. जुना आयपी पत्ता देताना 'हा दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे' असा निरोप आला तर जुन्या कार्डाची नोंद रजिस्ट्रीत लपून बसलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमधून लपलेली उपकरणं दाखवून ती काढावी लागते.

खरं तर इंटरनेट न जोडणंच बरं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. फायलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने होते. जुना संगणक आणि त्याची ही नक्कल, दोघांना एका वेळी एकाच नेटवर्कवर आणू नका, नाव आणि पत्ता दोन्ही एकच असतात.

ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जाणार, हे गृहीत धरा. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना कायद्याने त्याच संगणकापुरता असतो, त्यामुळे व्यवसायासाठी वापरणाऱ्यांनी परवान्याची सोय आधीच करावी.

आणि लॉक. सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (जे जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) यूएसबीचं असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ किंवा २.० चा कंट्रोलर निवडा आणि त्या लॉकचा फिल्टर घाला. ३.० निवडू नका, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. व्हर्च्युअलबॉक्स ७ च्या आधीच्या आवृत्त्यांत २.० साठी एक्स्टेंशन पॅक वेगळा बसवावा लागतो. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन प्रोग्राममध्ये यूएसबी लॉक थेट आत देण्याची सोय नाही, म्हणून या कामाला तो घेऊ नका. लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचं असेल तर आधी कंपनीला फोन करून यूएसबीचं बदलून मिळतं का विचारा. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो, आणि कार्ड घालून दिला तरी व्हर्च्युअल मशीनमधून लॉक ओळखलं जाईल याचा भरवसा नाही.

हे सगळं जमल्यावरही मूळ डिस्क लगेच पुसू नका. एखादी जुनी, भरपूर पानांची आणि जोडाक्षरांनी भरलेली फाइल नव्या मशीनमध्ये उघडा, पीडीएफ काढा आणि छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून बघा. एका जरी पानावर मजकूर पुढे सरकला असेल तर फॉन्ट किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर वेगळा लागलाय. तो सापडेपर्यंत मूळ डिस्क जपून ठेवा.