घरचा सर्व्हर मांडताना

घरचा सर्व्हर म्हणजे घरातच कायम चालू राहून आपले फोटो आणि फाइली सांभाळणारं मशीन. माझा पहिला सर्व्हर तळहाताएवढ्या बोर्डावर चालायचा आणि सगळं एका मेमरी कार्डात साठवलेलं होतं. अकरा महिन्यांनी ते कार्ड बंद पडलं. लॉग आणि डेटाबेस सारखे लिहिले जात असले की अशी कार्डं झिजतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यात वडिलांच्या आवाजातली चौदा रेकॉर्डिंग होती. बहिणीच्या जुन्या फोनात नऊ सापडली, पाच कायमची गेली.

म्हणून कुणी सर्व्हरबद्दल विचारलं की मी आधी कागद पुढे करते. काय गेलं तर परत मिळणार नाही, त्याची यादी करा आणि ते किती जीबी आहे ते मोजा. फोटो, घरचे व्हिडिओ, कागदपत्रं. बहुधा एवढंच निघतं. सिनेमे पुन्हा मिळवता येतात, त्यांना या यादीत घेऊ नका. हा आकडा हाती आला की किती मोठ्या डिस्क घ्यायच्या ते कळतं.

मशीन बघताना ते रिकामं बसून किती वीज खातं हे आधी पाहा, कारण घरचा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामाच असतो. सतत १० वॉट म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट, आणि सतत ६० वॉट म्हणजे ५२५.६ युनिट. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही ६० वॉट सहज घेतो, त्यामुळे तो फुकट मिळाला तरी फुकट पडत नाही. मी ऑफिसांतून निघालेले छोटे पीसी सुचवते: थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी. नवंच हवं असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरवर चालणारा मिनी पीसी घ्या. त्याला चार कोर आहेत आणि त्याचा टीडीपी, म्हणजे कामात असताना धरलेली उष्णतेची मर्यादा, ६ वॉट आहे. व्हिडिओ बघायचे असतील तर इंटेल प्रोसेसरची सातवी पिढी किंवा त्यापुढची घ्या. तिथून पुढे १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे फार दाबून साठवलेला, व्हिडिओ प्रोसेसरमधला ग्राफिक्स भागच उलगडतो, कोरांवर ताण येत नाही. रॅम १६ जीबी पुरते. जुना लॅपटॉपही चालतो, पण कायम पूर्ण चार्जवर राहिलेली बॅटरी फुगू शकते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर जरूर लावा.

आता डिस्क. इथे घाई करू नका. सिस्टिम एसएसडीवर ठेवा, साठवण हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क घेताना तिच्या माहितीपत्रकात सीएमआर की एसएमआर ते शोधा. या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये ट्रॅक वेगवेगळे असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं एका जागी लिहायचं तर शेजारचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. रेड किंवा झेडएफएसमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या असताना, डिस्क बदलून डेटा पुन्हा भरताना हे फार महागात पडतं, म्हणून तिथे सीएमआरच घ्या.

दोन डिस्क असल्या की लोक लगेच आरसा लावतात, म्हणजे रेड १: दोन्हीवर सतत तेच लिहिलं जातं. मी लावत नाही. आरशात चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. डिस्क मेली तरी काम न थांबणं हा आरशाचा उपयोग, आणि घरी अर्धा दिवस थांबलं तरी चालतं. माझ्या दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री रेस्टिक नावाच्या प्रोग्रामने बॅकअप घेतला जातो, त्यामुळे परवाची फाइलही परत मिळते. तिसरी डिस्क बहिणीकडे असते, भेटलो की अदलाबदल. रेस्टिक सगळं कूटबद्ध करून ठेवतं, तेव्हा त्याचा पासवर्ड कागदावर लिहून दोन घरांत ठेवा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, डेस्कटॉपशिवाय. सगळं ब्राउझरमधूनच करायचं असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट बघा, तेही डेबियनवरच उभं आहे. एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारं प्रॉक्समॉक्स उत्तम आहे, पण एकाच मशीनवर चार फोटो आणि दोन सेवा, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्राम, चालवायला तो थर मला जास्तीचा वाटतो. प्रत्येक सेवा स्वतंत्र डब्यात चालवणाऱ्या डॉकर कंपोजने त्या चालवा, प्रत्येकीचा फोल्डर वेगळा ठेवा. फोटोंसाठी इमिच, व्हिडिओंसाठी जेलीफिन, फोन आणि कॉम्प्युटरमधल्या फाइलींसाठी सिंकथिंग. एक सेवा बसवा, पंधरा दिवस वापरा, मग दुसरी. इमिचचा डेटाबेस चालू असताना त्याचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, तशी प्रत भरवशाची नसते. आधी पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाइलीत नीट काढलेली प्रत, काढा आणि त्याचा बॅकअप घ्या. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी ठेवू नका. आपली पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जात राहतात आणि ती बाहेर काढण्यातच दिवस जातात.

बाहेरून घरी पोचायला प्रत्येक सेवेसाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून येण्याचं दार, उघडू नका. वायरगार्ड या कूटबद्ध खासगी वाटेने या, त्याला एकच पोर्ट पुरतो. २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून, ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सेवादात्याच्या सामायिक नॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता आहे, आणि पोर्ट उघडूनही उपयोग नाही. तिथे टेलस्केल कामाला येतं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने डिस्कची तब्येत बघत राहा: १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे प्रलंबित सेक्टर (डिस्कला नीट वाचता न आलेले तुकडे), शून्यावरून वर सरकला की नवी डिस्क मागवा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅकअपमधून एक फाइल वेगळ्या फोल्डरात परत आणते आणि उघडून बघते. उरलेल्या नऊ रेकॉर्डिंगपैकी पाळीपाळीने एक निवडते आणि शेवटपर्यंत ऐकते.