पी.टी.च्या तासाला दिव्यांग मूलही खेळात हवं

पी.टी.च्या तासाला दिव्यांग मुलाला गुण मोजायला किंवा चपला सांभाळायला बसवलं, तर त्याचा तास बुडाला असंच समजा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातल्या समान संधीची जबाबदारी शाळेवर टाकली आहे.

आधी पालकांना विचारा: फिट येते का, शरीराचा कुठला भाग बधिर आहे, औषध कोणतं चालू आहे, डॉक्टरांनी काय करू नका म्हटलंय. डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. डॉक्टरांनी मान तपासून होकार दिल्याशिवाय त्या मुलाला कोलांटी, शीर्षासन नको.

मग मैदान. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात आणि मूल तोंडावर पडतं. सगळं मैदान करायची गरज नाही. दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यावर बारीक मुरूम पसरा, पाणी मारा, धुम्मसाने ठोकून घ्या. रेषांना चुन्याची फक्की नको, बसून सरकणाऱ्या मुलाच्या तळहाताची आग होते. रांगोळी वापरा. अंध मुलासाठी त्याच रेषेवर जाड सुतळी ताणून टोकं मातीत पुरा, पायाला रेषा कळते.

सुरुवातीला लगोरी घ्या. ठिकऱ्या गुडघाभर उंच, भक्कम स्टुलावर रचा, म्हणजे खुर्चीतल्या मुलालाही रचता येतात. नेम सगळ्यांनीच बसून धरायचा. नियम एकट्यासाठी बदलला की 'त्याला सूट' अशी कुरकुर सुरू होते आणि ते मूलच नको म्हणतं. चेंडू मऊ घ्या आणि कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. घरंगळताना तो वाजतो, अंध मुलाला दिशा कळते. त्याची पाळी आली की एकाने स्टुलामागे दोन टाळ्या वाजवून बाजूला व्हायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. हा डाव बहुतेक वेळा फसतो तो वर्गाच्या गोंगाटामुळे.

कर्णबधिर मुलासाठी शिट्टीबरोबर लाल रुमाल हलवा. बौद्धिक अक्षमता असेल तर एका वेळी एकच सूचना द्या आणि ती करून दाखवा.

जळगाव-भुसावळकडे मार्चपासून हा तास सकाळी पहिलाच ठेवा. उन्हात राहिलेल्या व्हीलचेअरचा पत्रा तापतो आणि पाय बधिर असलेल्या मुलाला भाजलेलं कळतही नाही. बसवण्याआधी धातूला आपला हात लावून बघा, सीटवर जाड कापड घाला. कण्याला वरच्या भागात इजा असेल तर घामही नीट येत नाही. अशा मुलाच्या अंगावर ओला पंचा ठेवा.

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. हा आजार दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, पण बाहेरून दिसत नाही, म्हणून दमलेल्या मुलाला आळशी ठरवलं जातं. त्याला खेळू द्या, पण दम निघेपर्यंत पळवू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी द्या. थांबायचं कधी ते त्यालाच ठरवू द्या. थंडीत घामाने भिजलेला सदरा लगेच बदला. हातपाय जोरात ठणकले, छातीत दुखलं किंवा धाप थांबेना, तर खेळ तिथेच थांबवून दवाखान्यात न्या.